ओळखीच्या कोंबडीचे अंडे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : घरच्या कोंबड्यांची अंडी खाताना वाटणारा संकोच

महोदय,

गेल्या काही वर्षांत आमच्या संगमेश्वर तालुक्यात, आणि शहरांच्या कडेला वसलेल्या बैठ्या घरांमध्येही, परसात चार-पाच कोंबड्या पाळणारी कुटुंबे पुन्हा दिसू लागली आहेत. अशा अनेक घरांत एक गोष्ट घडते आणि तिच्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. कोंबड्या मोठ्या होतात, अंडी देऊ लागतात, आणि ती अंडी घरच्याच माणसांना खाववत नाहीत. कोणी ती शेजारी देऊन टाकतात, कोणी विकतात, कोणी फ्रीजमध्ये ठेवून ठेवून शेवटी खड्ड्यात पुरतात. बाजारातली अंडी मात्र त्याच घरात त्याच आठवड्यात आणली जातात आणि चवीने खाल्ली जातात. बचत गटाच्या बैठकीनंतर, बहुतेकदा आवाज खाली आणून, ही गोष्ट मला इतक्या जणींनी सांगितली आहे की तिच्याविषयी जाहीरपणे लिहायला हवे असे वाटले. मी स्वतःही त्या अवस्थेतून गेले आहे.

माझे बालपण कोकणातल्याच एका खेड्यात गेले. आईच्या कोंबड्या होत्या, संध्याकाळी त्यांना डालग्याखाली झाकण्याचे काम माझे होते, आणि अंडी खाताना मला कधीही काही वाटले नव्हते. पुढे नोकरीच्या निमित्ताने तीस वर्षे ठाणे जिल्ह्यात शिक्षिका म्हणून गेली. त्या तीस वर्षांत अंडे म्हणजे दुकानदाराने कागदी पिशवीत घालून दिलेली एक पांढरी, गार, एकसारखी वस्तू झाली होती, आणि हा बदल माझ्या लक्षातही आला नव्हता. निवृत्तीनंतर गावी परतलो. २०२० च्या टाळेबंदीत मुलगा, सूनबाई आणि सहा वर्षांची नात मुंबईहून घरी आली, आणि नातीच्या हट्टाखातर आम्ही गावातूनच पाच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, विकत घेतल्या. तिने त्यांची नावे ठेवली : चांदणी, ठिपकी, जाई, मैना आणि भुरी. त्या तिच्या हातातून तांदळाच्या कण्या खात, तिच्या मांडीवर बसत, आणि शाळेचे ऑनलाइन वर्ग सुरू असताना खिडकीत येऊन उभ्या राहत.

चांदणीने पहिले अंडे दिले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. ती सकाळपासून अस्वस्थ होती, कोपरे शोधत फिरत होती, आणि शेवटी पडवीतल्या जुन्या टोपलीत पेंढ्यावर बसली. अर्ध्या तासाने उठून तिने जोरजोरात कलकलाट केला. मी अंडे उचलले तेव्हा ते गरम होते, किंचित ओलसर होते, आणि कवचावर रक्ताची एक पुसट रेघ होती. तलंगेच्या पहिल्या काही अंड्यांवर अशी रेघ असणे अगदी सामान्य आहे हे मला लहानपणापासून माहीत होते. तरीही ते अंडे हातात धरताना अंगावर शहारा आला. नातीने आनंदाने उड्या मारल्या; सूनबाई मात्र दोन पावले मागे सरकली आणि म्हणाली, “आई, हे मला नाही हो खाववणार.” मी तिला समजावण्यासाठी तोंड उघडले, आणि मलाही ते खाववणार नाही हे त्याच क्षणी माझ्या लक्षात आले.

पुढच्या तीन आठवड्यांत फ्रीजच्या एका कप्प्यात आमच्या कोंबड्यांची बावीस अंडी जमली. वरच्या कप्प्यात दुकानातून आणलेला तीस अंड्यांचा ट्रे होता आणि तो रिकामा होत होता. एका सकाळी नातीने विचारले, “आजी, ती वरची अंडी कोणत्या कोंबडीची आहेत? तिचं नाव काय?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. इतकी वर्षे मुलांना शिकवल्यानंतर एका सहा वर्षांच्या मुलीसमोर निरुत्तर व्हावे लागले, आणि त्या दिवसापासून मी हा संकोच नीट समजून घ्यायचे ठरवले.

आपण या भावनेला सरसकट किळस म्हणतो, पण तिच्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय कोणत्याही एकीचे उत्तर सापडत नाही. त्यातली पहिली शारीरिक आहे : अंडे गरम आहे, ते शरीराच्या ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने विष्ठाही येते, आणि आपण तो मार्ग रोज डोळ्यांनी पाहतो. दुसरी भीतीची आहे : फोडल्यावर आत पिलू निघाले तर, रक्त निघाले तर? तिसरी या दोन्हींपेक्षा खोल आहे आणि ती सांगायला शब्द सापडत नाहीत म्हणून माणसे पहिल्या दोन गोष्टी पुढे करतात : ही आपली चांदणी आहे, आणि तिच्या पोटचे आपण घेत आहोत.

पहिल्या गोष्टीबद्दल थोडक्यात सांगते. कोंबडीच्या अंडाशयातून बलक सुटल्यापासून अंडे बाहेर येईपर्यंत सुमारे २४ ते २६ तास लागतात. पांढरा भाग चढायला तीनेक तास, आतले पातळ पडदे तयार व्हायला तासाभराहून थोडा अधिक, आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ, म्हणजे सुमारे वीस तास, कवच घडण्यात जातो. अंडे बाहेर पडताना त्या मार्गाचा आतला भाग उलटून अंड्याबरोबरच बाहेर येतो, त्यामुळे नुकत्याच आलेल्या अंड्याला विष्ठेचा स्पर्श सहसा होत नाही. कवचावर जी घाण दिसते ती बहुतेक वेळा कोंबडीच्या पायांची किंवा ओल्या पेंढ्याची असते. ती टाळणे आपल्या हातात आहे. टोपलीतला पेंढा दर दोन-तीन दिवसांनी बदलावा, अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत, आणि कोंबड्यांना रात्री टोपलीत झोपू देऊ नये. कवचावर नैसर्गिक थर असतो आणि तो कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांना झाकून ठेवतो. म्हणून अंडी आणल्याबरोबर थंड पाण्याने धुण्याची आपली सवय उलट घातक आहे. तो थर निघून जातो आणि बाहेरचे जंतू पाण्याबरोबर आत जाऊ शकतात. युरोपात खाण्याची अंडी सहसा धुऊन विकत नाहीत ती याच कारणाने. माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी, आणि फारच मळलेले अंडे खाण्यासाठी ठेवू नये. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर मात्र प्रश्न संकोचाचा राहत नाही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ आली होती हे आपण विसरता कामा नये. अशा वेळी अंडी न खाता, मेलेले पक्षी इकडे तिकडे न टाकता, ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

दुसऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे आतल्या पिलाच्या भीतीबद्दल, मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण शिकलेल्या घरांतही याविषयी मोठे गैरसमज आहेत. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, आणि त्या अंड्यातून कधीही, कितीही उब दिली तरी, पिलू निघत नाही. बलकाच्या दोन बाजूंना पांढऱ्या पिळदार दोऱ्यासारखे जे दिसते त्याला पुष्कळजण पिलाचा अंकुर समजून चमच्याने काढून टाकतात. प्रत्यक्षात तो पांढऱ्याचाच एक घट्ट भाग असतो, बलकाला मधोमध धरून ठेवणे एवढेच त्याचे काम असते, आणि तो ठळक दिसणे हे अंडे ताजे असल्याचे लक्षण आहे. बलकावर कधी कधी रक्ताचा ठिपका दिसतो तोही पिलाचा नसतो. बलक सुटताना अंडाशयातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली की तो राहतो, आणि कोंबडा कधीही न पाहिलेल्या कोंबडीच्या अंड्यातही तो असू शकतो. मोठ्या व्यवसायात अंडी उजेडावर तपासून अशी अंडी बाजूला काढतात, म्हणून दुकानच्या अंड्यात तो क्वचित दिसतो आणि घरच्या अंड्यात दिसला की आपण दचकतो.

घरात किंवा शेजारी कोंबडा असेल तर गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तिथे लोकांना खोटा दिलासा देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा संयोग झाल्यावर कोंबडी दोनेक आठवडे फलित अंडी देऊ शकते; शेजारचा कोंबडा एकदाच कुंपण ओलांडून आला तरी पुरते. फलित अंड्यातल्या पेशींचे विभाजन अंडे बाहेर येण्यापूर्वी, कोंबडीच्या शरीरातच सुरू झालेले असते. अंडे गार झाले की ते थांबते, आणि सुमारे ३७.५ अंशांची सततची उब मिळाली तर पुन्हा सुरू होऊन एकविसाव्या दिवशी पिलू बाहेर येते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात घरातले तापमानच इतके वाढते की बाहेर ठेवलेल्या फलित अंड्यात थोडीफार वाढ सुरू होऊ शकते. उन्हाळ्यात परसातले अंडे फोडल्यावर लालसर जाळे दिसल्याचा अनुभव ज्यांना आला आहे, त्यांनी जन्मभर अंडी सोडलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांना दोष देणे योग्य नाही. ही वेळ येऊ नये म्हणून अंडी रोजच्या रोज गोळा करून गार जागी ठेवावीत आणि प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडावे. खायच्या अंड्यांसाठी कोंबडा पाळण्याची मुळातच गरज नाही.

हे सारे मला वाचून माहीत झाले होते, तरीही फ्रीजमधली बावीस अंडी तशीच राहिली. माहिती होती, पण घास उतरत नव्हता, कारण तिसरी गोष्ट शिल्लक होती.

तिसरी गोष्ट चांदणीनेच पुढे आणली. पावसाळा सरता सरता ती खुडूक झाली. ज्यांनी खुडूक कोंबडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते : ती दिवसातून जेमतेम एकदा दाणापाण्यासाठी उठते, पिसे फुलवून टोपलीत पसरून बसते, पोटाची पिसे स्वतःच उपटून काढते म्हणजे अंड्यांना कातडीची उब थेट मिळावी, आणि हात पुढे केला की टोचते. एरवी हीच चांदणी अंडे देऊन, कलकलाट करून, मागे वळूनही न पाहता उकिरड्याकडे निघून जात असे. म्हणजे इतर वेळी आपण अंडी उचलतो तेव्हा ती आई नसते. या दिवसांत ती असते. हा फरक मी लहानपणी रोज पाहिला होता, पण त्याचा अर्थ साठाव्या वर्षी कळला. तिच्याखालचे अंडे त्या दिवशी मी काढू शकले नाही.

तेव्हा माझ्या सासूबाई हयात होत्या. त्या माळकरी, पंढरीची वारी केलेल्या. अंडे त्यांनी आयुष्यात तोंडाला लावले नाही, पण कोंबड्या त्यांनी पन्नास वर्षे पाळल्या, अंडी हाताळली, विकली, बाळंतिणींना उकडून दिली. मी त्यांच्यापुढे माझी अडचण मांडली तेव्हा त्या म्हणाल्या, “मी खात नाही ते माळेमुळं. तुझ्या गळ्यात माळ नाही. मग तू कशामुळं खात नाहीस, ते आधी बघ.” आणि लगेच पुढे म्हणाल्या, “ती बसली आहे तर तिला बसव. कोंबडा असलेल्या घरची अंडी आण.” त्यांच्या त्या प्रश्नाने माझ्या विचाराला दिशा मिळाली. नियमाने न खाणे ही एक गोष्ट आहे, तिच्यात संयम आहे आणि तिचा मला आदर आहे. संकोचाने न खाणे, आणि तरीही दुकानातून आणून खाणे, ही वेगळी गोष्ट आहे आणि तिची चिकित्सा व्हायला हवी.

वाडीतल्या एका घरून नऊ फलित अंडी आणून आम्ही चांदणीखाली ठेवली. सातव्या रात्री मी ती एकेक करून उजेडावर पाहिली. माझी आई कौलातून येणाऱ्या कवडशासमोर दोन्ही हातांच्या ओंजळीत अंडे धरून पाहत असे; मी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर धरले. सात अंड्यांत तांबड्या रक्तवाहिन्यांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे जाळे दिसत होते आणि मध्ये एक काळसर ठिपका हलत होता. उरलेली दोन अंडी स्वच्छ होती : आत एकसारखा पिवळसर उजेड, बलकाची फिकट सावली, आणि दुसरे काही नाही. मग मी फ्रीजमधून आमच्या कोंबड्यांचे एक अंडे आणून तसेच धरले. ते त्या दोन स्वच्छ अंड्यांसारखे होते. सूनबाई माझ्या शेजारी उभी होती. तिने ते अंडे माझ्या हातातून घेतले, बराच वेळ फिरवून फिरवून पाहिले, मग जाळे असलेले एक अंडे पाहिले, आणि पुन्हा आपल्या कोंबडीचे पाहिले. आम्ही दोघी काही बोललो नाही.

एकविसाव्या दिवशी सात पिले निघाली. मला वाटले होते की उजेडावर पाहून जे समाधान झाले ते आता कायम राहील, पण ओल्या पिलाला कवच फोडून बाहेर येताना पाहिल्यावर संकोच पुन्हा उसळून आला, आणि चार दिवस घरात कोणी अंडे शिजवले नाही. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण एकदा समजले की सुटले असे या भावनेचे होत नाही. पाचव्या दिवशी ठिपकीचे एक अंडे टोपलीबाहेर घरंगळून फुटले, आणि मी पोहोचण्यापूर्वी ठिपकी आणि जाई दोघींनी मिळून ते बलकासकट खाऊन टाकले होते. कोंबड्यांची ही सवय लागू नये म्हणून पाळणारे काळजी घेतात, कवचे द्यायची तर भाजून, चुरा करून देतात. पण त्या दिवशी ते पाहून माझ्या मनातला एक गुंता सुटला. जे अंडे उबवायचे नाही ते कोंबडीच्या लेखीही अन्नच आहे. तिच्या पोटचे आपण हिरावून घेतो ही माझी कल्पना होती. ठिपकीच्या मनात तसे काही असल्याचे तिच्या वागण्यात कुठेही दिसत नव्हते. त्याच संध्याकाळी मी घरच्या अंड्यांची पोळी केली आणि खाल्ली. बलक गडद केशरी होता, कारण आमच्या कोंबड्या दिवसभर हिरवे गवत, शेवग्याचा पाला आणि किडे खात असत आणि बलकाचा रंग त्या खाण्यातूनच येतो.

आपल्या समाजात दुधाविषयी असा संकोच कोणाला वाटत नाही, याचा मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. गोठा आपण पाहिलेला असतो, कास धुताना शेण लागलेले दिसते, गाय नावाने ओळखीची असते, आणि गाय व्यायली की वासराच्या वाट्याच्या चिकाचा खरवस आपण वाट्या भरभरून शेजारी पाठवतो. वासराचा हक्क त्या दुधावर खराखुरा असतो. कोंबडा नसलेल्या घरातल्या अंड्यावर तसा कोणाचाच हक्क नसतो. महात्मा गांधींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्याविषयी जे लिखाण केले, त्यात हाच विचार मांडला आहे : ज्याला दूध चालते त्याला अफलित अंड्याची हरकत असू नये. हेच गांधीजी विद्यार्थीदशेत लंडनमध्ये असताना अंडी सोडून राहिले होते, कारण शपथ आईला दिलेली होती आणि आईच्या लेखी अंडे मांसातच मोडत होते. माझ्या सासूबाईंच्या माळेची आठवण मला या दुसऱ्या गोष्टीने होते. दिलेला शब्द पाळणे आणि वस्तूचे खरे स्वरूप ओळखणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात.

आता नातीच्या प्रश्नाकडे येते. वरच्या कप्प्यातली अंडी कोणाची होती? आपल्या देशातली दुकानात येणारी बहुसंख्य अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची असतात. अशा पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला आजवर साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येत आली आहे. आपल्या दैनिकाचे एक पान जमिनीवर पसरले तर त्याचा जेमतेम चौथा भाग, एवढ्यात तिने उभे राहायचे, बसायचे आणि अंडी द्यायची. पंख पसरणे, मातीत लोळणे, टोपली शोधणे हे तिथे नसते. आपल्या गावठी कोंबडीची अंडी वर्षाला साधारण ६० ते ८० असतात, तर पिंजऱ्यातल्या संकरित कोंबडीची तीनशेच्या वर जातात, आणि प्रत्येक कवचासाठी तिच्या शरीरातून सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम खर्ची पडते. खाण्यातून ते पुरेसे मिळाले नाही तर ते तिच्या हाडांतून निघते. या जातींच्या नर पिलांना अंड्यांच्या व्यवसायात उपयोग नसल्यामुळे ती बहुतेक ठिकाणी जन्मल्याच्या दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून या प्रथेवर कायद्याने बंदी घातली. आपल्या विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये २६९ व्या अहवालात अंड्यांच्या कोंबड्यांना कसे ठेवावे यासंबंधी शिफारशी केल्या होत्या. त्यांची चर्चा मराठीत फारशी झालेली मला आढळली नाही.

पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची अंडी खाणाऱ्यांवर टीका करण्याचा माझा हेतू नाही. स्वस्त अंड्याने असंख्य गरीब घरांतल्या मुलांना प्रथिने मिळाली आहेत आणि ते मोल मी शाळेत असताना डोळ्यांनी पाहिले आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की संकोच वाटायचाच असेल तर तो त्या न पाहिलेल्या कोंबडीविषयी वाटायला अधिक कारण आहे. तो आपल्याला चांदणीविषयी वाटतो, कारण तिला आपण ओळखतो. म्हणजे ही भावना मुळात वाईट नाही. तिच्यात एका प्राण्याविषयीची जाणीव आहे, तीस वर्षांच्या शहरी आयुष्यात माझ्यातून नाहीशी झालेली, आणि कोंबड्या घरी आल्यावर परतलेली. तिला ‘शहरी नखरे’ म्हणून हसणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी तसे करू नये. सून किंवा नातवंड अंडे नको म्हणते तेव्हा तिच्या ताटात ते बळेच वाढल्याने घृणा कायमची बसते. आमच्या घरी सूनबाई आजही घरचे अंडे स्वतः खात नाही. ती फोडते, शिजवते, मुलीला वाढते; आणि दुकानातली अंडी आणणे मात्र तिने स्वतःहून बंद केले. तिचा हा निर्णय मला माझ्या निर्णयाइतकाच प्रामाणिक वाटतो.

नर पिलांचा प्रश्न घरातही सुटत नाही, हेही सांगणे भाग आहे. सात पिलांतली तीन कोंबडे निघाली. एक आम्ही ठेवला, दोन दिले, आणि ते कुठे जाणार हे आम्हाला ठाऊक होते. नातीला आम्ही ते खोटे सांगितले नाही. त्यानंतर ती आठवडाभर माझ्याशी कमी बोलली. ज्यांना हे नको असेल त्यांनी अंडी उबवण्याच्या फंदात पडू नये. खुडूक कोंबडीला काही दिवस टोपलीपासून दूर, हवेशीर जागी, दाणापाणी देऊन ठेवले की ती बहुधा पूर्ववत होते.

पशुसंवर्धन विभागाकडून आणि बचत गटांमार्फत परसातील कुक्कुटपालनाची जी प्रशिक्षणे होतात, त्यांत लसीकरण, खाद्य, खुराडे आणि विक्री यांची चांगली माहिती मिळते. मी अशा एका प्रशिक्षणाला बसले होते. त्यात अंडे खाण्याविषयीच्या संकोचाचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. कोंबड्या महिलांना दिल्या जातात त्या घरातल्या मुलांच्या पोटात अंडी जावीत या उद्देशाने, आणि ती अंडी जर घरच्यांना खाववतच नसतील तर तो उद्देश खुराड्यापाशीच थांबतो. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक प्रशिक्षणात अर्धा तास अंधारी खोली, एक टॉर्च, उबवणीखालची सात दिवसांची चार अंडी आणि कोंबडा नसलेल्या घरची चार अंडी एवढे ठेवावे, आणि प्रत्येकीला ती आपल्या हाताने उजेडावर धरून पाहू द्यावीत. शाळांच्या विज्ञानाच्या तासालाही हे सहज करता येईल, आणि त्याला खर्च जवळजवळ काही नाही.

चांदणी सध्या पुन्हा खुडूक आहे आणि तिच्याखाली अकरा अंडी आहेत. येत्या रविवारी त्यांचा सातवा दिवस. वाडीतल्या काही जणींना मी त्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, घरी बोलावले आहे. त्यांतल्या दोघींनी येताना आपापल्या फ्रीजमधले एकेक अंडे आणू का, असे विचारले आहे. मी त्यांना अवश्य आणा असे कळवले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी